एचआर म्हणते ३० टक्क्यांच्या वर हाईक नाही, मग पगार वाढवून मागायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या मानेवाड्याच्या एक ताई, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये साडेचार वर्षांचा अनुभव, आत्ता परसोडीच्या आयटी पार्कमधल्या कंपनीत ५.४ लाख सीटीसी, म्हणजे कंपनी वर्षाला त्यांच्यावर धरते तो एकूण खर्च. मिहानमधल्या (विमानतळाजवळचं औद्योगिक क्षेत्र) दुसऱ्या एका कंपनीत दोन्ही टेक्निकल राऊंड चांगले झाले, आता एचआर राऊंड बाकी आहे. पण एचआरने फोनवर आधीच सांगून ठेवलं की आमच्याकडे ३० टक्क्यांच्या वर हाईक देत नाही, आणि वरून असंही म्हटलं की तुमचं तर घर नागपुरातच आहे, भाडं वगैरे काही नाही. ताई विचारून राहिल्या की किती मागू, कसं मागू, आणि जास्त मागितलं तर ऑफर हातची जाईल का.

मी बरीच वर्षं भरतीच्या कामात आहे, आधी कन्सल्टन्सीत, म्हणजे कंपन्यांना माणसं शोधून देणाऱ्या संस्थेत होते, मग कंपन्यांच्या एचआरमध्ये, म्हणजे ज्या खुर्चीवरून तुम्हाला हा प्रश्न विचारला जातो त्याच खुर्चीवर. त्यामुळे आतून हे कसं चालतं ते सांगते, ते समजलं की काय बोलायचं ते बरंचसं आपोआप सुचतं.

पहिली गोष्ट. एचआरने तुम्हाला दोन गोष्टी सांगितल्या, एक तुमचा जुना पगार गुणिले १.३ आणि दुसरी तुमच्या घराचा पत्ता. या दोन्हीचा तुम्ही तिथे जाऊन जे काम करणार त्याच्याशी काडीचा संबंध नाही. माझं सगळं उत्तर याच एका गोष्टीवर आहे, की पगाराचं बोलणं जुन्या पगारावरून आणि घरच्या परिस्थितीवरून उचलून त्या जागेवर आणि त्या कामावर आणायचं. आपल्या नागपूरच्या मुलांचे पैसे नेमके इथेच जातात. काम येतं, इंटरव्ह्यू मस्त देतात, आणि आकड्याच्या वेळी "सर तुम्हाला योग्य वाटेल ते" म्हणून मोकळे होतात.

आता आत काय होतं बघा. तुम्हाला फोन यायच्या बऱ्याच आधी त्या टीमच्या मॅनेजरने जागा मागितलेली असते, ती मंजूर झालेली असते, आणि मंजूर होताना त्या जागेला एक ग्रेड आणि त्या ग्रेडचा एक पट्टा लागलेला असतो, समजा ७ ते साडेनऊ लाख. म्हणजे पैसे आधीच बाजूला काढलेले असतात. भरती करणाऱ्या माणसाचं काम त्या पट्ट्यात माणूस बसवणं, आणि पट्ट्याच्या खालच्या टोकाला बसला तर अजून चांगलं. ३० टक्के हा कायदा नाही की दगडावर कोरलेली ओळ नाही, तो एक अंतर्गत नियम असतो, की अमुक टक्क्यांपर्यंत एचआर स्वतः ओके करू शकते आणि त्याच्या वर गेलं तर वरून मंजुरी घ्यावी लागते. मंजुरी मिळते. अशा मंजुरीचे मेल मी स्वतः कितीतरी लिहिले आहेत.

आणि इथेच मुख्य गोष्ट आहे जी बाहेरच्यांना माहीत नसते. एचआरला तुमच्याशी भांडायचं नसतं, तिला वरच्या साहेबाला मेलमध्ये काय लिहू हे हवं असतं. "कँडिडेट जास्त मागते आहे" एवढ्यावर मंजुरी येत नाही. "ऑटोमेशनचा फ्रेमवर्क शून्यातून उभा केलेला आहे, आपल्या टीममध्ये हे सध्या कोणी करत नाही, मॅनेजरने दोन राऊंडनंतर हिलाच पहिली पसंती दिली आहे, नोटीस पिरियड ६० दिवसांवर आणता येतो" असं लिहिता आलं तर मंजुरी येते. तर तुम्ही तिला ही वाक्यं आयती द्या. तुम्ही जितकं नेमकं सांगाल तितका तिचा मेल सोपा होईल. मेहनती आहे, टीम प्लेयर आहे, लवकर शिकते, हे सगळे सांगतात, त्याचा मेल होत नाही. रिग्रेशनला, म्हणजे बदलानंतर जुनं सगळं नीट चालतं का ते परत तपासायला, तीन दिवस लागायचे ते एका रात्रीत आणलं, याचा होतो. पेमेंट मॉड्यूलची टेस्टिंग एकटीने सांभाळली, क्लायंटच्या कॉलला मीच असते, याचा पण होतो. आज संध्याकाळी वही घेऊन बसा आणि अशा चार-पाच ओळी काढा, खऱ्या, पुराव्यासकट. पुढच्या सगळ्या बोलण्याचं भांडवल हेच आहे.

आता ते ३० टक्के. गणित करून बघा म्हणजे राग पण येईल आणि हिंमत पण. तुमच्या ५.४ वर ३० टक्के म्हणजे ७.०२. तुमच्याएवढाच अनुभव असलेला, तेच काम करणारा दुसरा कोणी आधीपासून ७ वर असेल तर त्याला त्याच ३० टक्क्यांत ९.१ मिळतात. आधी दोघांत १.६ लाखांचा फरक होता तो आता २.०८ लाखांचा झाला, काम तेच. म्हणजे कॉलेजमधून निघताना कॅम्पसला जो कमी आकडा मिळाला, तो टक्केवारीच्या नादात दर नोकरीला तुमच्या मागेमागे येतो. आपल्याकडे बरीच मुलं घराजवळ नोकरी मिळाली म्हणून कमी पगारावर सुरुवात करतात, आणि मग टक्क्यांमुळे कधीच वर येत नाहीत. म्हणून टक्क्यांत बोलायचंच नाही. एचआर टक्क्यांत बोलली तरी तुम्ही रुपयांत उत्तर द्यायचं.

सध्याचा पगार सांगायचा की नाही, हे पण नेहमी विचारतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यात २०१८ पासून कंपनीला उमेदवाराचा जुना पगार विचारायला बंदी आहे, आपल्याकडे असा कायदा नाही, आणि इथे पगार सांगितल्याशिवाय बहुतेक जागी गाडी पुढेच जात नाही. तेव्हा विचारला तर खरा सांगा, पण लगेच पुढचं वाक्य जोडा, की "सध्या ५.४ आहे, पण तो मी फ्रेशर म्हणून लागले तेव्हाच्या आकड्यावरून वाढत आलेला आहे, आत्ताचं काम त्याच्या बरंच पुढे गेलंय, त्यामुळे मी या जागेच्या कामावरून बोलू इच्छिते." आणि एक छोटं काम आजच करा, नोकरी डॉट कॉमवरच्या तुमच्या प्रोफाइलमध्ये अपेक्षित पगार काय भरलाय ते बघा. तो आकडा रिक्रूटरला दिसतो. दोन वर्षांपूर्वी काहीतरी भरून ठेवलेलं असतं साडेसहा लाख वगैरे आणि इथे तुम्ही साडेआठ मागून राहिल्या, तर समोरची बाई मनात साडेसहाच धरून बसलेली असते.

खोटं मात्र बोलायचं नाही, एक रुपयाचंही नाही. हे नीतीचं तर आहेच पण पकडलं जातंच. शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागतात, बँक स्टेटमेंट मागतात, फॉर्म १६ मागतात, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले जुन्या कंपनीला विचारतात. पीएफच्या पासबुकात दर महिन्याचं कॉन्ट्रिब्युशन दिसतं, जिथे पूर्ण बेसिकवर १२ टक्के कापतात तिथे त्याच्यावरून बेसिक काढायला आम्हाला दोन मिनिटं लागतात. एडिट केलेल्या स्लिपवर लागलेली मुलं नंतर काढावी लागलेली मी पाहिली आहेत, त्यांच्या घरी आनंदाचे पेढे वाटून झालेले असतात, फार वाईट वाटतं.

मग मागायचं किती. आधी बाजारभाव काढा. ॲम्बिशनबॉक्स, ग्लासडोअर बघा पण तिथले आकडे जुने-नवे, वेगवेगळ्या शहरांचे एकत्र असतात, त्यावर अंदाज येतो, भरवसा ठेवता येत नाही. खरी माहिती माणसांकडून येते. तुमच्या बॅचचे कोणीतरी मिहानमध्ये असतीलच, कोणी हिंजवडीला, कोणी घरून पुण्याचं काम करत असेल. "तुझा पगार किती" असं विचारलं की लोक आक्रसतात, त्यापेक्षा "साडेचार वर्षांच्या टेस्टरला तुमच्याकडे फिक्स साधारण किती देतात" असं विचारा, पटकन सांगतात. फिक्सच, म्हणजे ठरलेला पक्का पगार विचारायचा, सीटीसी नाही. असे पाच-सहा आकडे मिळाले की चित्र साफ होतं.

त्यातून तीन आकडे स्वतःशी ठरवा. एक, जो तुम्ही तोंडाने मागणार. दुसरा, ज्याला आनंदाने हो म्हणाल. तिसरा, ज्याच्या खाली गेलं तर नमस्कार करून आहे त्या नोकरीत परत. तुमच्याबद्दल जेवढं समजलं त्यावरून मी मागताना ८.५ म्हणेन, पावणेआठ-आठला हो म्हणेन आणि सव्वासातच्या खाली जाणार नाही, पण हे तुमच्या चौकशीत पक्कं करून घ्या. आणि मागताना एकच आकडा बोला. "साडेसात ते नऊ" म्हटलं की आम्हाला फक्त साडेसात ऐकू येतं.

त्याच्याही आधी, जमलं तर आकडा त्यांच्याकडून काढा. "या जागेसाठी तुमचं बजेट साधारण काय ठरलंय?" एवढं सरळ, हसून विचारा. यात उद्धटपणा काही नाही. दहातल्या काही जणी टाळतील पण काही सांगून पण टाकतात. कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल तर कन्सल्टंटला आधीच विचारा, त्याला बजेट माहीत असतं. त्याची फी बहुतेक वेळा तुमच्या वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढी असते, त्यामुळे तुमचा पगार वाढला तर त्याचंही भलं. पण हे लक्षात ठेवा की पंचवीस-पन्नास हजार वर्षाला इकडेतिकडे झाल्याने त्याला फारसा फरक पडत नाही, त्याला जागा लवकर भरण्यात रस असतो, म्हणून तो "ताई घेऊन टाका" म्हणेल, तो सल्ला त्याच्या सोयीचा आहे हे समजून ऐका.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट, सीटीसी आणि हातात येणारे पैसे. इथे जरा वेळ देते कारण बी.ई. झालेल्या मुलांनासुद्धा हे कोणी शिकवत नाही.

समजा ७.२ लाखांची ऑफर आली. बाराने भागलं की ६०,००० होतात आणि पोट्टे घरी साठ हजार सांगून मोकळे. पण आतला ब्रेकअप बघा. व्हेरिएबल १० टक्के, म्हणजे ७२,०००, ते वर्षाअखेर, कंपनी आणि तुमचं रेटिंग बघून, पूर्ण मिळेल असं काही नाही. बेसिक महिना २५,००० असेल तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के, महिना ३,०००, वर्षाचे ३६,०००, हे पण सीटीसीत धरलेले. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, बेसिकच्या ४.८१ टक्के, वर्षाचे १४,४३०, हे पण सीटीसीत, आणि कायम नोकरीत ती साधारण ५ वर्षं सलग पूर्ण झाल्याशिवाय हातात येत नाही. मेडिकल इन्शुरन्सचा प्रीमियम समजा ९,५७०. हे सगळं वजा केलं की उरले ५,८८,०००, महिन्याला ४९,०००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला, की हातात ४५,८००. फेब्रुवारीत हा प्रोफेशनल टॅक्स ३०० कापतात, वर्षाचे मिळून २,५००. इन्कम टॅक्स या पगारावर नवीन पद्धतीत लागणार नाही, २०२५-२६ पासून नोकरदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत शून्यच आहे, पंच्याहत्तर हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन धरून.

आता दुसरी कंपनी ६.८ लाख देते, पण व्हेरिएबल नाही, ग्रॅच्युइटी आणि इन्शुरन्स सीटीसीच्या बाहेर, आणि पीएफ पूर्ण बेसिकवर नाही तर १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे महिना १,८००. कंपनीचे २१,६०० गेले की उरले ६,५८,४००, महिना साधारण ५४,८६६, त्यातून तुमचे १,८०० आणि २०० गेले की हातात ५२,८६६. सीटीसी ४०,००० ने कमी आणि हातात महिना सात हजार जास्त! यात पहिल्या कंपनीत पीएफमध्ये जास्त साठतात तेवढे तुमचेच आहेत, ते विसरू नका, दोन्ही वाटे मिळून महिना २,४०० चा फरक आहे, पण तो धरूनसुद्धा, बेभरवशाचं व्हेरिएबल सोडलं तर, दुसरी ऑफर पुढेच आहे.

अजून एक, २०१९ च्या वेतन संहितेत वेतनाची व्याख्या अशी आहे की भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. त्यामुळे बेसिक कमी ठेवून भत्ते फुगवायची जुनी रचना बदलून राहिली आहे. जिथे पूर्ण बेसिकवर पीएफ कापतात तिथे बेसिक वाढलं की साठतात जास्त आणि हातात येतात कमी. म्हणून मैत्रिणीचा दोन वर्षांपूर्वीचा ब्रेकअप आजच्या ऑफरला लावू नका, तुमचा स्वतःचा मागा.

म्हणून एचआरशी बोलताना पहिलाच प्रश्न, "यात फिक्स किती?" आणि दुसरा, "गेल्या वर्षी या ग्रेडला व्हेरिएबल प्रत्यक्षात किती टक्के मिळालं?" दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना समोरची व्यक्ती अडखळली तर ते व्हेरिएबल हिशोबात धरू नका.

आता ते घरचं. "तुमचं घर इथेच आहे, भाडं नाही, मग एवढे कशाला?" हे मला मनापासून खटकतं आणि मी माझ्या टीममध्ये कोणाला हे बोलू देत नाही. नागपूरचा पगार पुण्या-बंगळुरूपेक्षा कमी असतो हे खरं आहे, काही कंपन्यांचे शहराप्रमाणे वेगळे पट्टे असतात, ते मान्य करून चाला, पुण्याचा आकडा इथे जसाच्या तसा मागितला तर बोलणं तिथेच अडतं. पण शहराचा पट्टा वेगळा आणि तुमच्या बाबांनी बांधलेल्या घराचा फायदा कंपनीने घेणं वेगळं. त्याच टीममध्ये बाहेरगावाहून येऊन त्रिमूर्ती नगरात भाड्याने राहणारा मुलगा असेल तर त्याला काय त्या कारणाने जास्त देतात? नाही देत. मग तुम्हाला कमी काहून?

उलट नागपूरचं असणं तुमच्या बाजूने वापरा. मिहानच्या कंपन्यांना सगळ्यात मोठी भीती असते की माणूस वर्षभरात पुण्याला पळेल. शांतपणे म्हणा, "माझं घर इथे आहे, म्हणजे मी इथेच टिकून काम करणार आहे, तुमच्यासाठी तो फायदाच आहे, आणि पगार मात्र कामावरून ठरवूया." एवढं पुरे. घरी कर्ज आहे, भावाचं शिक्षण आहे, आईचं ऑपरेशन आहे, हे पण सांगायचं नाही. खरं असलं तरी नाही. ज्या क्षणी तुम्ही गरज सांगता त्या क्षणी समोरच्याला तुमची गरज मोजायचा अधिकार मिळतो.

हेच बाकीच्या खाजगी प्रश्नांना. लग्न कधी, मिस्टर काय करतात, त्यांचा पगार तर चांगला असेल. बायांना हे विचारतात आणि त्याचा उपयोग आकडा खाली आणायला होतो. सारख्या कामाला बाई म्हणून कमी पगार देणं १९७६ पासून कायद्याने मना आहे, आताच्या वेतन संहितेत पण तेच आहे. पण राऊंडमध्ये कायदा काढून बसू नका, "त्याचा या कामावर काही परिणाम नाही होणार" म्हणा आणि विषय परत कामावर आणा. आणि शिफ्ट रात्रीची असेल तर कॅब ही सवलत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईला काम द्यायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षिततेची, दारापर्यंत सोडण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. तेव्हा "कॅब देतो म्हणून पगार थोडा कमी" असं कोणी म्हटलं तर तो हिशोब मान्य करू नका.

प्रत्यक्ष बोलणं साधारण असं. एचआर म्हणेल, ३० टक्क्यांप्रमाणे ७ लाख होतात. तुम्ही लगेच नाही म्हणू नका, लगेच हो तर अजिबात नाही. "ऑफरबद्दल मनापासून आभार, मला टीम आणि काम दोन्ही आवडलं, मला इथे यायचंच आहे. पण मी जे ऑटोमेशनचं काम करते आणि या जागेत जे अपेक्षित आहे ते बघता मी ८.५ च्या अपेक्षेने आले होते, त्यातलं फिक्स ८ च्या आसपास. ३० टक्क्यांचा नियम मी समजू शकते, पण माझा आत्ताचा पगारच कामाच्या मानाने कमी आहे, त्यामुळे टक्क्यांऐवजी या ग्रेडच्या बजेटमध्ये बसवून बघता येईल का?" आणि मग गप्प बसायचं. हे सगळ्यात कठीण असतं. समोरून तीन-चार सेकंद काही आवाज आला नाही की आपली मुलं घाबरून स्वतःच "नाही म्हणजे साडेसात पण चालेल मॅडम" म्हणतात. मी फोनच्या या टोकाला फक्त टाईप करत असते हो, आणि कँडिडेट आपणहून लाखभर खाली आलेला असतो. बोलून झालं की थांबा. एचआर राऊंड हिंदी-इंग्रजीत झाला तरी हीच चार वाक्यं आधी घरी मोठ्याने दहादा बोलून घ्या, आकडा तोंडातून सहज निघाला पाहिजे.

ती बहुतेक म्हणेल की विचारून सांगते. हे चांगलं लक्षण आहे, म्हणजे मंजुरीचा मेल जातो आहे. त्याच दिवशी तिला एक छोटा मेल टाका, फोनवर बोललो ते आणि वहीतल्या त्या चार ओळी. ती तोच भाग उचलून पुढे पाठवेल.

ऑफर जाईल का? मला विचाराल तर सभ्यपणे एकदा, कारण देऊन जास्त मागितलं म्हणून ऑफर काढून घेतली असं मी जवळपास पाहिलेलं नाही. फार तर म्हणतात की एवढंच देऊ शकतो, बघा. तुमच्यावर दोन राऊंड, मॅनेजरचा वेळ, महिनाभराची शोधाशोध खर्च झालेली असते, सगळं पहिल्यापासून करायचा कंटाळा कंपनीलाही असतो. ऑफर जाते ती वेगळ्या कारणांनी. एकदा हो म्हणून नंतर पुन्हा आकडा बदलला, चार दिवस फोनच उचलला नाही, हातात नसलेली ऑफर आहे म्हणून सांगितलं आणि त्याचं लेटर मागितल्यावर गडबडले. नागपूर छोटं आहे बाप्पा, इथल्या एचआरवाल्या एकमेकींना ओळखतात, एकीकडे कामाला होत्या त्या आता दुसरीकडे आहेत. खरी दुसरी ऑफर असेल तर जरूर सांगा, ती सगळ्यात वजनदार गोष्ट आहे, पण नसेल तर नाही.

आणि खरंच बजेट संपलं असेल, ती प्रामाणिकपणे म्हणत असेल की ७.४ च्या वर जमत नाही, तर बाकीच्या गोष्टींकडे वळा. जॉइनिंग बोनस मागा, तो वेगळ्या खात्यातून निघतो म्हणून कधीकधी सोपा जातो, फक्त वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यावा लागतो ती ओळ वाचा. नोटीस लवकर संपवायची असेल तर बायआउटचे, म्हणजे उरलेल्या दिवसांच्या बदल्यात जुन्या कंपनीला भरायचे पैसे कोण देणार ते विचारा. ग्रेड किंवा पदनाम एक पायरी वर मिळत असेल तर त्याचा पुढच्या नोकरीत फार उपयोग होतो. आणि अप्रेझल, हे लोक विसरतात. बऱ्याच कंपन्यांत एप्रिलमध्ये पगारवाढ होते पण सप्टेंबर-ऑक्टोबरनंतर लागलेल्यांना त्या वर्षी धरत नाहीत. तुमची जॉइनिंगची तारीख आठवड्याने इकडेतिकडे झाली तर पूर्ण वर्षाची वाढ जाऊ शकते. कट-ऑफ तारीख विचारा, आणि सहा महिन्यांनी रिव्ह्यू करू म्हटलं तर ते मेलमध्ये घ्या. तोंडी रिव्ह्यू कोणाला आठवत नाही, तोवर एचआरसुद्धा बदललेली असते.

बुटीबोरी, हिंगण्याच्या कारखान्यांत जाणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण तिथले प्रश्न थोडे वेगळे. तिथे आधी विचारा की कंपनीच्या रोलवर घेताय की कॉन्ट्रॅक्टरच्या, बाकी सगळं त्यानंतर. शिफ्ट अलाउन्स, बस, कँटीन पगारात धरलंय की वेगळं, ते पण. आणि पगार महिना २१,००० च्या आसपास असेल तर जपून, २१,००० पर्यंत ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागतं, तुमच्याकडून ०.७५ टक्केच जातात आणि घरच्यांचा दवाखाना होतो. पाचशे रुपये भांडून वर गेलात आणि ईएसआयच्या बाहेर पडलात तर तोटाच होऊ शकतो, अशा वेळी एक तर बरंच वर जा नाहीतर कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम घरच्यांसकट मागून घ्या.

आता तुमच्या राजीनाम्याचं. फोनवर कितीही गोड बोलणं झालं तरी ऑफर लेटर, पूर्ण ब्रेकअपसकट, मेलवर येईपर्यंत आयटी पार्कमधल्या नोकरीत कोणाला काही बोलू नका. व्हॉट्सॲपवर आलेला आकडा किंवा नुसतं इंटेंट लेटर, म्हणजे घेण्याचा विचार आहे एवढंच सांगणारं पत्र, म्हणजे ऑफर नाही. लेटर आलं की फिक्स, व्हेरिएबल, पीएफ कशावर कापणार, जॉइनिंग बोनसची अट, नोटीस पिरियड, कामाचं ठिकाण, एवढं ठरल्याप्रमाणे आहे का ते ओळीओळीने तपासा, फरक दिसला तर सही करायच्या आधी मेल करा, सही झाल्यावर काही होत नाही. राजीनामा दिला की तुमचा आत्ताचा मॅनेजर बहुतेक थांबवायला येईल, आम्ही पण तेवढे देतो म्हणेल. तेव्हा त्याला एवढंच विचारा की हे पैसे कधीपासून आणि लेटर कधी. आणि तुम्ही मिहानच्या कंपनीला सही करून दिली असेल तर तिकडेच जा.